कायद्याची बाजू : थकीत गाड्या उचलून आणणाऱ्यांच्या पाठीशी कोण?

वाहनकर्जाचे हप्ते थकले तर कर्जदाराला कोणते हक्क असतात, याविषयी या सदरात यापूर्वी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या टपालात वसुली एजन्सीसाठी काम करणाऱ्यांची पत्रे बरीच होती. टोलनाक्यावर किंवा चौकात उभे राहून मोबाइलमधील यादीशी गाड्यांचे क्रमांक ताडून पाहणारे आणि थकीत गाडी सापडली की ती जप्त गाड्या ठेवण्याच्या यार्डात नेऊन लावणारे हे तरुण समाजाच्या नजरेत गुंड असतात. काही जण तसे वागतातही. परंतु त्यांच्यापैकी अनेकांवर जे गुदरते त्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून या अंकातील जागा त्यांच्या आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या प्रश्नांसाठी ठेवली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी एका वसुली एजन्सीसाठी काम करतो. पगार नाही, आणलेल्या गाडीमागे ठरावीक रक्कम मिळते. शिरूर तालुक्यातील एका गावात थकीत पिकअप आणायला आम्ही दोघे गेलो होतो. मालकाने चावी स्वतःहून दिली, पण वेशीजवळ पंधरा-वीस जणांनी आम्हाला अडवून लोखंडी पाइपने मारले. माझ्या सहकाऱ्याचा हात मोडला. पोलीस ठाण्यात फक्त ‘एनसी’ लिहून घेतली आणि ‘तुम्ही तिथे गेलातच कशाला?’ असे विचारले. गाडी यार्डात पोहोचली नाही म्हणून एजन्सीने पैसेही दिले नाहीत. सरकारी माणसावर हात टाकला तर मोठा गुन्हा होतो, मग आमच्यावर टाकला तर का होत नाही? – एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी त्याच्यावर हल्ला केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागू होते. तलाठी, वाहतूक पोलीस, इतकेच काय एसटीचा वाहकही या व्याख्येत बसतो. डॉक्टर आणि रुग्णालयातील कर्मचारी यांच्यावरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये आणि पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायदे केले. तुम्ही मात्र एका खासगी कराराच्या अंमलबजावणीसाठी जाता, त्यामुळे लोकसेवकाचे कवच तुम्हाला मिळत नाही आणि तुमच्या कामासाठी वेगळा कायदाही नाही.

परंतु सामान्य नागरिक म्हणून जे संरक्षण आहे ते पूर्णपणे तुमचे आहे, आणि तुमच्या प्रकरणात पोलिसांनी तेच नाकारले आहे. ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम ११५ खालील साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणून चापट-बुक्कीच्या तक्रारीत पोलीस एनसी लिहितात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. हाड मोडणे ही मात्र कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गंभीर दुखापत आहे. कलम ११७ खाली त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि अशी दुखापत घातक साधनाने केली असेल तर कलम ११८ लागू होऊन शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी मिळून हे केले असल्यामुळे बेकायदेशीर जमाव आणि दंगल यांची कलमेही लागतात, आणि रस्ता अडवणे हा कलम १२६ खालील वेगळा गुन्हा आहे. हे दखलपात्र गुन्हे आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तेव्हा सहकाऱ्याच्या हाताचा एक्स-रे, सरकारी रुग्णालयातील जखमांचे प्रमाणपत्र आणि एनसीची प्रत जोडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, आणि ती पोचपावतीच्या टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागता येतो. खासगी रुग्णालयात उपचार घेतले असतील तर तिथे पोलिसांना कळवल्याची नोंद झाली आहे का, ते तपासा. ती नोंद झाली नसेल तर मारहाण दाखवणारा पहिला कागदच तुमच्या हातात राहत नाही.

‘गेलातच कशाला’ या प्रश्नाचे उत्तर कागदांतूनच द्यावे लागेल. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवण्याची पद्धत आहे. ते पत्र, त्यावरील ठाण्याचा शिक्का, कर्ज देणाऱ्या कंपनीचे तुमच्या नावाचे अधिकारपत्र आणि मालकाने चावी स्वखुशीने दिल्याची सही एवढे असते, तर ठाणे अंमलदाराला वेगळ्या सुरात बोलावे लागले असते. मात्र ते पत्र दिले म्हणजे पोलीस बंदोबस्त मिळाला, असे समजू नका. ते केवळ माहितीचे पत्र असते, उद्या कोणी गाडी चोरीला गेल्याची तक्रार केली तर गोंधळ होऊ नये यासाठी दिलेले.

एजन्सीने पैसे नाकारले, ही माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. गाडीमागे मोबदला ठरवला की जिथून माणसाने शांतपणे परत फिरायला हवे, तिथेच तो आणखी दहा मिनिटे थांबतो. गर्दी जमू लागलेली त्याला दिसत असते, पण मोकळ्या हाताने गेले तर दिवसभराचे पेट्रोलही खिशातून गेलेले असते. या दहा मिनिटांतच डोकी फुटतात. ही व्यवस्था ज्यांनी ठरवली ते वातानुकूलित कार्यालयात असतात आणि पाइपचा मार दोन पोरांच्या वाट्याला येतो. याचा संताप यायला हवा, आणि मला तो येतो.

प्रश्न : माझे पती एका एजन्सीमार्फत गाड्या उचलण्याचे काम करत होते. जून २०२५ मध्ये थकीत मोटार थांबवण्यासाठी ते पुढे उभे राहिले असता चालकाने गाडी तशीच पुढे दामटली. पायाची दोन हाडे मोडली, आता ते काठीशिवाय चालू शकत नाहीत. त्यांचे वय ३५ आहे. नेमणूकपत्र नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता. एजन्सीवाले म्हणतात, तो आमचा नोकर नव्हता, कमिशनवर होता. वित्त कंपनी म्हणते, आम्ही त्याला ओळखतच नाही. आम्ही काही मागू शकतो का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मागू शकता, आणि मुदत संपण्याआधी मागायलाच हवे.

अपघात जून २०२५ मधला असल्यामुळे त्याला कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ लागू होतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, त्यामुळे त्यानंतरच्या अपघातांचे दावे संहितेखाली जातील.) जुन्या कायद्याप्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत जून २०२७ पूर्वी, कामगार न्यायालयात आयुक्तांपुढे दाखल व्हायला हवा. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली, एवढे दाखवले की पुरते.

‘आमचा नोकर नव्हता’ हा बचाव जवळजवळ प्रत्येक एजन्सी घेते. त्याला उत्तर कागदांनी द्यायचे असते आणि कागद तुमच्या घरात नसले तरी पतींच्या मोबाइलमध्ये असतात. रोज सकाळी आलेली थकीत गाड्यांची यादी, एजन्सीच्या ॲपवरील त्यांचे खाते, ‘आज अमुक हद्दीत जा’ असे सांगणारे संदेश, बँक खात्यात जमा झालेल्या रकमा, जुन्या अधिकारपत्रांचे फोटो हे सर्व जपून ठेवा. मोबाइल विकू किंवा बदलू नका, कारण हे पुरावे न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असणे चांगले. यार्डांमध्ये गाडी जमा करताना ती आणणाऱ्याची सही घेतली जाते. त्या पावत्यांच्या नकला मिळाल्या तर तुमच्या पतींनी नियमितपणे कोणासाठी काम केले, हे कोणालाही नाकारता येणार नाही. कोणत्या हद्दीत जायचे, कोणती गाडी आणायची, ती कुठे लावायची हे सर्व दुसरा ठरवत असेल तर मोबदला कमिशनने दिल्यामुळे माणूस स्वतंत्र व्यावसायिक होत नाही, असा युक्तिवाद तुमच्या वकिलांनी ठामपणे करावा. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यांत्रिक वाहन चालवण्याशी संबंधित कामाचा उल्लेख आहे, तोही तुमच्या उपयोगाचा आहे.

भरपाई किती, याचा अंदाज यावा म्हणून हिशेब सांगतो. मासिक वेतनाची हिशेबासाठीची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३५ व्या वर्षासाठी तो १९७.०६ आहे, म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६, अर्थात १७,७३,५४० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते डॉक्टर प्रमाणित करतात. ती ४० टक्के धरली तर रक्कम ७,०९,४१६ रुपये होते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो. भरपाई वेळेत दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारणाशिवाय टाळली असेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही आयुक्त लावू शकतात. औषधोपचाराची बिले आणि अपंगत्वाचा दाखला आजच एका फाइलमध्ये लावा.

आता वित्त कंपनीविषयी. या अधिनियमाचे कलम १२ सांगते की एखाद्याने आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम कंत्राटदाराकरवी करून घेतले, तर कंत्राटदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी त्या मुख्य मालकावरही येते. कर्जाची वसुली हा कर्ज देण्याच्या धंद्याचा भाग आहे, याबद्दल वाद होऊ नये. पण त्याच कलमात अट आहे की अपघात मुख्य मालकाच्या कामाच्या किंवा त्याच्या ताब्यातील आवारात अथवा त्या आवाराजवळ झालेला असावा. गिरण्या आणि गोद्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले हे कलम आहे. ज्याचे कामच रस्त्यावर चालते त्याचे आवार कोणते? वित्त कंपनीचा वकील नेमके याच शब्दावर बोट ठेवील. तरीही एजन्सीबरोबर वित्त कंपनीला प्रतिवादी कराच, कारण आवार म्हणजे जिथे हे काम नेहमी केले जाते ती जागा, असा अर्थ मांडण्यास वाव आहे. शिवाय एजन्सी कार्यालय बंद करून निघून गेली तर पैसे मागायला वित्त कंपनी तेवढी उरते.

दुसरा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा आहे. तिथे ज्या गाडीने इजा झाली तिच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते आणि वेतनाची १५,००० ची मर्यादा आड येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे दोन्हींपैकी एकाच मार्गाने भरपाई घेता येते, त्यामुळे निवड विचारपूर्वक करा. ‘चालकाने मुद्दाम गाडी घातली, मग हा अपघात कसा’ असे विमा कंपनी म्हणू शकते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००० मधील रीता देवी खटल्यातील निकाल दाखवता येईल. रिक्षा पळवण्यासाठी प्रवाशांनी रिक्षाचालकाचा खून केला होता, आणि तो मृत्यू वाहनाच्या वापरातून झालेला अपघातच आहे असे मानून न्यायालयाने कुटुंबाची भरपाई मान्य केली होती. या न्यायाधिकरणात अर्ज करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, ती उलटली असेल तर उशिराबाबतची आजची स्थिती वकिलांकडून आधी समजून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जखमी पतींच्या नावाच्या अर्जासाठीही तिथेच चौकशी करा आणि गुन्ह्यातील पीडितांसाठीच्या भरपाई योजनेचा अर्ज त्याच वेळी मागून घ्या.

प्रश्न : कंपनीच्या अधिकारपत्रावरून मी एक ट्रक यार्डात नेला. मालकाने तक्रार दिली की मी ट्रक आणि केबिनमधील चाळीस हजार रुपये लुटले. माझ्यावर जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला आहे. कंपनीचा अधिकारी आता फोन उचलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आमच्या कामाची जबाबदारी कंपनीवर असते ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांच्या वसुली प्रतिनिधींविषयी सविस्तर सूचना दिल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बँका व वित्त कंपन्या यांना पुन्हा बजावले की नेमलेल्या प्रतिनिधींच्या वर्तनाची जबाबदारी त्यांचीच राहील. पण ही जबाबदारी ग्राहकाप्रती आणि रिझर्व्ह बँकेप्रती आहे. फौजदारी खटल्यात ज्याने कृत्य केले त्यालाच उत्तर द्यावे लागते, आणि तुमच्या वतीने वकील उभा करण्याचे बंधन त्या सूचनांनी कंपनीवर घातलेले नाही. या सूचना कर्जदाराच्या रक्षणासाठी आहेत आणि त्या असायलाच हव्यात, मात्र प्रतिनिधीच्या जिवाची, विम्याची किंवा त्याच्या बचावाच्या खर्चाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न त्या सोडवत नाहीत.

आता गुन्ह्याविषयी. चोरी सिद्ध होण्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो. करारातील हक्काच्या आधारे वित्तपुरवठादाराने गाडी ताब्यात घेतली तर तो गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ओरिक्स ऑटो फायनान्स प्रकरणात २००६ मध्ये म्हटले, आणि भाडे-खरेदी करारात सर्व हप्ते फिटेपर्यंत मालकी वित्तपुरवठादाराची राहते, असे मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात २०२० मध्ये सांगितले. हे तुमच्या बाजूचे निकाल आहेत. परंतु आजची बहुतेक वाहनकर्जे भाडे-खरेदीची नसून तारणाची असतात. तिथे मालक कर्जदारच असतो आणि नोंदणी प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्याचे नाव फक्त तारण म्हणून लागते. तुमचा करार कोणत्या प्रकारचा होता, त्यात गाडी ताब्यात घेण्याचे कलम होते का, त्यातील नोटिशीची मुदत पाळली होती का, हे तुम्हाला बहुधा कोणी सांगितलेले नसेल. तुमच्या बचावाचा पाया मात्र तोच आहे.

दुसऱ्या बाजूचे निकालही माहीत हवेत. गुंड पाठवून वसुली करण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात कडक ताशेरे ओढले. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रतिनिधींकरवी बळजबरीने गाड्या ताब्यात घेणे बेकायदेशीर ठरवून संबंधित बँका व वित्त कंपन्यांना दंड केला. म्हणजे करारातील हक्क कितीही पक्का असला तरी चालकाला ओढून खाली उतरवले, घेराव घातला किंवा धमकी दिली, तर चोरी नसली तरी अटकाव, दुखापत आणि धमकी यांचे गुन्हे होतातच, आणि ते अधिकारपत्र दाखवून पुसले जात नाहीत.

तुम्ही अटकपूर्व जामिनासाठी तातडीने सत्र न्यायालयात जा. कंपनीला आणि एजन्सीला नोंदणीकृत टपालाने पत्र लिहून कराराची प्रत, थकबाकीचा उतारा, कर्जदाराला दिलेली नोटीस आणि तुमचे अधिकारपत्र यांच्या प्रमाणित प्रती मागा. हे पत्र पुढे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली तर कामाला येईल. केबिनमधील रकमेच्या आरोपाला उत्तर एकच असते, आणि ते म्हणजे ताबा घेताना जागेवर केलेली वस्तूंची यादी, तिच्यावर चालकाची सही आणि त्या वेळचे चित्रीकरण. ते नसेल तर यार्डात गाडी आत घेतानाची यादी आणि तिथले कॅमेरे पाहा. कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करा.

कंपन्या अनेकदा ‘लवादाचा आदेश आहे’ असे सांगून माणसे पाठवतात. लवाद कायद्याच्या कलम ९ खाली न्यायालयाने किंवा कलम १७ खाली लवादाने अंतरिम आदेश देऊन रिसीव्हर, म्हणजे गाडी ताब्यात घेऊन सांभाळणारी व्यक्ती, नेमला असेल, तर ताबा घेणाऱ्याची स्थिती खरोखरच भक्कम असते आणि न्यायालयाच्या आदेशानुसार पोलिसांची मदतही मिळू शकते. पण आदेश मूळ स्वरूपात वाचा. त्यात कोणाचे नाव आहे, कोणती गाडी आहे, मुदत संपली आहे का, ते पाहा. शिवाय निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केले आहे. कंपनीने एकट्याने नेमलेल्या लवादाच्या आदेशाच्या बळावर जिवावर उदार होऊन कोणाच्या दारात उभे राहू नये.

प्रश्न : आम्ही स्वसंरक्षणासाठी गाडीत काठी किंवा मिरचीचा फवारा ठेवावा का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ठेवू नका. खासगी बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे. बेकायदेशीरपणे ताबा घेत असाल तर आपल्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्याने समोरच्या कर्जदाराला मिळतो. तुमच्या गाडीत काठी सापडली की तुम्ही मारायच्या तयारीने आला होता, हे पहिल्याच पानावर लिहिले जाते. वाद वाढू लागला की निघून यावे. गाडी उद्याही तिथेच असते.

प्रश्न : माझा टेम्पो मंडईत माल उतरवत असताना चौघांनी चावी काढून घेतली आणि भाजीसकट गाडी नेली. दोन हप्ते थकले होते, नोटीस आलेली नव्हती. अशा लोकांच्या संरक्षणाची काळजी का करायची? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे. नोटिशीची मुदत, ती वगळण्याची परिस्थिती, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी हे सर्व करारात लिहिलेले असावे, असे वित्त कंपन्यांसाठीच्या उचित व्यवहार संहितेतच सांगितले आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, आणि नासलेल्या मालाची भरपाई ग्राहक आयोगात मागा. बळजबरी झाली असेल तर पोलिसांत तक्रार देण्याचाही तुम्हाला अधिकार आहे.

तरीही तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधील हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टरचा ताबा घेताना एका शेतकऱ्याची गर्भवती मुलगी ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या एजन्सीमार्फत वसुली आणि ताबा घेण्यास मनाई केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती उठवली. त्या मुलीचा जीव गेला त्याची जबाबदारी ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर आहेच. पण अप्रशिक्षित माणसाला गाडीमागे मोबदला ठरवून गावात पाठवणारी पद्धत तिथेही होती आणि तुमच्या मंडईतही होती. ज्या माणसाला पगार, विमा, प्रशिक्षण आणि परत फिरण्याची मुभा आहे, तो भाजीने भरलेल्या टेम्पोची चावी हिसकावत नाही, कारण त्याला त्याची गरज नसते. बँकांच्या वसुली प्रतिनिधींसाठी १०० तासांचे प्रशिक्षण रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितले होते. तुमच्यासमोर आलेल्या चौघांपैकी किती जणांनी ते घेतले होते, हे तुमच्या तक्रारीत जरूर विचारा आणि त्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती मागा.

प्रश्न : आम्ही नागपूर परिसरातील साठ-सत्तर मुले हेच काम करतो. संघटना करता येईल का? आमच्यासाठी काही कायदा होऊ शकेल का? – काही वाचक, नागपूर

उत्तर : संघटना जरूर करता येईल. नोंदणीच्या अर्जासाठी सात सभासद लागतात, आणि नोंदणी व मान्यता यांच्या बाकीच्या अटी आता औद्योगिक संबंध संहितेखाली पाहाव्या लागतील. कामगार उपायुक्त कार्यालयातून त्याची माहिती घ्या.

कायद्याबाबत महाराष्ट्राला दूर शोधायला नको. बाजारपेठेत पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, या प्रश्नावर व्यापारी टोळीवाल्याकडे बोट दाखवत असे आणि टोळीवाला व्यापाऱ्याकडे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि मालक कोण हा वाद न घालता मंडळात कामगाराची नोंद, मंडळामार्फत मजुरी आणि मालकांकडून वर्गणी अशी रचना उभी राहिली. १९८१ मध्ये हाच विचार खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वापरला गेला. एजन्सी आणि वित्त कंपनी यांच्यामध्ये लोंबकळणाऱ्या तुमच्या कामाला ही रचना लागू करता येईल, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक प्रतिनिधीची नोंद, मंडळाचे ओळखपत्र, प्रशिक्षण, किमान पगार आणि अपघात विमा यांचा खर्च कर्ज देणाऱ्यांच्या वर्गणीतून करावा, आणि नोंद नसलेल्या माणसाला ताब्यासाठी पाठवणाऱ्या कंपनीला दंड असावा. असे निवेदन कामगारमंत्र्यांना द्या. कर्जदारांच्या संघटनांनाही त्यावर सही करायला सांगा, कारण ओळखपत्र नसलेला माणूस दारात येऊ नये हे त्यांच्याही हिताचे आहे.

निवेदनावर निर्णय होईपर्यंत थांबू नका. ज्यांचे वय १८ ते ७० मध्ये आहे त्यांनी बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरावा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण आहे, आणि खुनामुळे झालेला मृत्यूही त्यात धरला जातो. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी असलेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करा. एजन्सीत दहा किंवा अधिक माणसे असतील आणि वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा लागू करण्याची लेखी मागणी करा. कामावर झालेल्या इजेचे उपचार आणि रजेच्या काळातील रक्कम त्यातून मिळते. ही मागणी एकट्याने केली तर दुसऱ्या दिवसापासून यादी यायची बंद होते, म्हणून ती साठ-सत्तर जणांच्या सहीने करा. त्याच पत्रात लिहा की गर्दी जमली किंवा घरात लहान मूल अथवा आजारी माणूस दिसले तर तुम्ही परत फिराल, आणि त्या दिवसाचे पैसे एजन्सीने द्यावेत.